आत्तीची पांढरी मका

आमची आत्ती रागावली नाही असा एक दिवस मला आठवत नाही. सकाळी उठल्या उठल्या ती कोंबड्यांवर ओरडायची, मग पाण्याच्या मोटारीवर, मग मोटारीला वीज न देणाऱ्या वायरमनवर, आणि वायरमन समोर नसला तर त्याच्या नावानं विजेच्या खांबावर. एकदा आटपाडीहून येणारी एसटी आमच्या फाट्यावर न थांबता पुढं गेली. दुसऱ्या दिवशी आत्ती हातात विळा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी. ड्रायव्हर करकचून ब्रेक दाबत म्हणाला, "आवं आत्ती, बाजूला व्हा की! जीव द्यायचाय का?" आत्ती म्हणाली, "जीव कशापायी दिऊ? तिकिटाचं पैसं देते. दार उघड." त्यानंतर कितीतरी दिवस ती गाडी फाट्यावर माणूस नसला तरी थांबायची.

अशा गोष्टी आमच्याकडं लोक हसत सांगतात. मीही शाळेच्या स्टाफरूममध्ये आत्तीच्या नकला करून पुष्कळ हशे मिळवलेत. आता कुणी तिचं नाव काढून हसायला लागलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. हे सगळं मी रागातच लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते. गोडगोड आठवणी हव्या असतील त्यांनी दुसरं काहीतरी वाचावं.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी. लग्नानंतर आत्तीही नवऱ्यामागं मेंढरं घेऊन निम्मं आयुष्य चालत राहिली. नवरा गेला, मेंढरं विकली गेली आणि ती माहेरी परत आली, तेव्हा वडिलांनी तिला ओढ्याकडेचा जमिनीचा एक तुकडा दिला. त्या तुकड्यात दर पावसाळ्यात ती एकच पीक घ्यायची, पांढरी मका. तुम्ही पुस्तकात 'तो मका' वाचला असेल, आत्तीची मका 'ती' होती. वीतभर कणीस, दातांसारखे पांढरे दाणे, आणि दोन पाऊस झाले तरी पदरात पडणारं पीक. बी तिच्या सासूनं दिलेलं, सासूला तिच्या सासूनं. "सासूनं मला सोन्याचा मनी दिला न्हाई," आत्ती म्हणायची, "पर वटीत ही घातली. सोनं मोडून खाल्लं आसतं. ही अजून हाय."

बी धरायची तिची एक रीत होती. पीक उभं असतानाच ती सगळ्या तुकड्यातून फिरायची आणि निवडक ताटांच्या कणसांना लाल चिंधी बांधायची. मोठं कणीस दिसलं म्हणून चिंधी बांधत नसे. "कणीस बघायचं न्हाई, झाड बघायचं. वाऱ्यात कोन उभं ऱ्हायलं, पान्याबिगर कोन हिरवं ऱ्हायलं, त्येचं बी धरायचं." चिंधीचं कणीस वाळेपर्यंत कुणी तोडायचं नाही. मग ते सोलायचं, वरची पानं मागं वळवून त्यांची वेणी घालायची आणि ती वेणी चुलीवरच्या आढ्याला टांगायची. धुरानं कणसं काळपट व्हायची, पण त्यांना कीड लागत नसे. पेरायच्या वेळी कणसाच्या शेंड्याचे आणि बुडाचे दाणे बाजूला काढून ती फक्त मधले पेरायची.

मी आठ-नऊ वर्षांची असताना चिंधीचं एक कणीस तोडलं आणि भाजून खायला बसले. निम्मं खाऊन झालं आणि आत्ती आली. तिनं अशी एक ठेवून दिली की माझ्या कानात बराच वेळ सूं आवाज येत होता. मी उरलेलं कणीस टाकून पळायला लागले, तर तिनं मानगूट धरून मला खाली बसवलं. "आता खा. सगळं खा. एक दाना टाकलास तर बघ. म्होरल्या वर्साची भाकरी खाल्लीस तू, निदान सांडू तरी नगंस." मी रडत रडत दाणे खाल्ले आणि ती समोर उकिडवी बसून शेवटच्या दाण्यापर्यंत बघत राहिली. नंतर तिनं माझं तोंड पदरानं पुसलं, पण तेही रागानंच.

मक्याचं लग्न वाऱ्यावर लागतं, हे मला शाळेच्या आधी आत्तीनं शिकवलं. तुऱ्यातली पिवळी भुकटी वाऱ्यानं उडते आणि कणसाच्या केसांवर पडते. ती कुणाच्याही शेतातून येते. शेजारी पिवळी मका तुऱ्यात असली तर आत्तीच्या कणसात पिवळे दाणे भरणार, म्हणजे बी बाटलं. म्हणून वस्तीत एक रीतच पडून गेली होती. वैरणीसाठी कुणाला पिवळी मका टाकायची असली की आधी येऊन विचारायचं, "आत्ती, तुमची कवा तुऱ्यात येती?" ती दिवस सांगायची आणि लोक महिनाभर आधी नाहीतर महिनाभर नंतर पेरायचे. हे प्रेमापोटी नव्हतं, तिच्या तोंडाला भिऊन होतं. पण इतकी वर्षं वस्तीतल्या कुणी ती रीत मोडली नव्हती. ती मोडली माझ्या सख्ख्या भावानं, दादानं.

बाजारातल्या बियाणावर तिचा भारी राग. बियाणाच्या दुकानदारानं एकदा तिला औषध लावलेलं गुलाबी बी दाखवलं आणि वर सांगितलं, "हाताळल्यावर हात धुवा." आत्तीनं ती पिशवी त्याच्या टेबलावर आपटली. "जे हाताळून हात धुवावं लागत्यात ते बी न्हवं, इख हाय. माझ्या बियाचा मी मुका घेती." आणि खरंच घ्यायची. पेरणीच्या दिवशी पहिली मूठ ओठांना लावून मगच मातीत टाकायची. पुढं दादानं स्लॅबचं घर बांधलं, घरात गॅस आला आणि चूल गेली. चुलीबरोबर धूर गेला आणि टांगलेल्या जुन्या कणसांना भुंगा लागला. तेव्हापासून तिच्याकडं शिल्लक बी राहीनासं झालं. जे येईल त्यातलंच धरायचं आणि पुढच्या वर्षी सगळं पेरायचं. हे मला माहीत होतं. विसरले होते असं म्हणायची सोय मला नाही.

मी शिकले, मिरजेच्या एका शाळेत इंग्रजीची शिक्षिका झाले. आत्तीला त्याचा केवढा अभिमान! अर्थात तोही ती रागातूनच दाखवायची. तलाठ्याचा कागद असो, बँकेचा मेसेज असो, औषधाची बाटली असो, ती दुसऱ्या कुणाला वाचू द्यायची नाही. "ठेव तिकडं. माझी मास्तरीण वाचंल. ती खोटं सांगत न्हाई." मग मला फोन यायचा आणि दादाचा मुलगा कागदाचा फोटो पाठवायचा. मी वाचून सांगितलं की तो शब्द पक्का. पुढं कुणी काही बोललं तरी ती म्हणायची, "मास्तरणीला इचारलंया."

मिरजेत तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन केलं तेव्हा ती माझ्याकडं आठवडाभर होती. पट्टी सुटल्यावर तिला सांगलीला नव्या मोठ्या दुकानांच्या इमारतीत घेऊन गेले. मला हौस. तिथं कागदी पेल्यात लोणी-मसाला घातलेले पिवळे दाणे मिळतात, ते तिच्या हातात दिले.

"ह्ये काय हाय?"

"कॉर्न. खाऊन तर बघ."

तिनं दोन दाणे चावले आणि जोरात म्हणाली, "मकाच की ही!"

काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "नाही आजी, स्वीट कॉर्न आहे ते."

"मी काय तुला आंधळी वाटले व्हय गं? कालच पट्टी सोडलीया माझी. मका म्हन की! म्हनायला तोंड दुखतंय का तुझं?"

चार माणसं वळून बघायला लागली. माझ्या एका विद्यार्थिनीची आई तिथंच उभी होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आत्तीचा दंड धरला आणि पटकन म्हणाले, "आत्ती, ते वेगळं असतं. कॉर्न वेगळं, मका वेगळा. चल आता."

ती माझ्यामागून चालत बाहेर आली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हंजी जनावरानं खाल्ली तर मका, आन् मानसानं चमच्यानं खाल्ली तर कॉर्न. आसं हाय व्हय?" मी हसले आणि बाहेर बघत राहिले. त्याच महिन्यात मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं की इंग्लंडातली माणसं ज्याला मेझ म्हणतात त्यालाच अमेरिकेतली कॉर्न म्हणतात, पीक एकच. पोरांना खरं सांगितलं आणि आत्तीला, चार माणसांत लाज वाटली म्हणून, खोटं. तेव्हा ते अगदीच क्षुल्लक वाटलं होतं.

मग आमच्या कोरड्या भागात कालव्याचं पाणी आलं. पाण्यामागून डाळिंबं आली, ऊस आला आणि माल डबाबंद करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला. टोपी घातलेला, बुटाला माती लागू न देणारा. त्यानं दादाशी करार केला. ओढ्याकडेला, आत्तीच्या तुकड्याच्या पश्चिमेला लागून, दादानं त्यांचं बी लावलं. त्या कणसात पिवळे आणि पांढरे दाणे मिसळलेले असतात, शहरात त्याला फार मागणी आहे म्हणे. साहेबानं एकच अट घातली होती, की जवळपास दुसरी मका नको, नाहीतर माल बिघडतो. दादानं मान हलवली. शेजारी आत्तीची पेरणी होणार हे त्यानं साहेबाला सांगितलं नाही आणि साहेबाची अट आत्तीला सांगितली नाही.

वस्तीतल्या एकानं त्याला टोकलं, "आत्तीला इचारलंस का?" दादा म्हणाला, "मका पेरायची आसंल तर इचारायचं ठरलंय. ह्ये कॉर्न हाय." हे त्यानं नंतर मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि सांगताना हसला. वस्तीची इतक्या वर्षांची रीत त्यानं एका शब्दात गुंडाळून ठेवली. बरं, शब्द तरी स्वतःचा होता का? तोही त्या टोपीवाल्याकडून घेतलेला!

जुलैचा शेवट होता. दोन्ही पिकं तुऱ्यात येऊ घातली होती. मधल्या सुट्टीत दादाचा फोन आला. "आत्ती सकाळपासनं माझ्या बांधावर बसलीया. हातात विळा हाय. म्हनती ही मका हाय, तुरं छाटते. मी म्हनतुया कॉर्न हाय, तर ऐकंना. तू सांग. तुझं ऐकती ती."

"दादा, पण मकाच आहे की रे ती."

"हाय की. मला काय कळत न्हाई व्हय? आठ-धा दिवसाचा तर परश्न हाय, भुकटी झडली की झालं. आत शिरून तिनं नासधूस केली तर कंपनी माल उचलायची न्हाई. पोरीचं इंजिनिअरिंग हाय औंदा."

"आणि आत्तीच्या बियाचं काय?"

"वारा पश्चिमेचा हाय गं. तिचं काय माझ्यावर येत न्हाई."

मी तिच्याबद्दल विचारलं होतं आणि उत्तर मिळालं त्याच्या मालाबद्दल. मला सगळं कळलं. आत्तीचा तुकडा पूर्वेला, वारा पश्चिमेचा, म्हणजे दादाच्या शेतातली भुकटी नेमकी तिच्या कणसांवर. हे दादाला माहीत होतं, त्या क्षणी मलाही माहीत झालं. तरी मी "बघते" म्हणाले. माझी भाची हुशार होती. दादानं माझ्या शिक्षणासाठी स्वतःचं सोडलं होतं. अशी कारणं माझ्याकडं ढीगभर आहेत, आणि त्यातलं एकही आता माझ्या कामाचं नाही.

पाच मिनिटांत आत्तीचा फोन आला. ती ओरडत नव्हती, आणि तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"बायं, तुझा भाऊ म्हनतुया कॉर्न. मी म्हनती मका. पान मकेचं, तुरा मकेचा, वास बी मकेचा. पर त्या दुकानात तू म्हनली हुतीस, ते वेगळं आसतंय. तवा तुला येकदाच इचारते. तू पोरांस्नी शिकवतीस. खोटं शिकवत न्हाईस. ही मका हाय का न्हाई?"

मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होते. बोटांना खडू लागलेला होता. मी म्हणाले, "नाही आत्ती. दिसायला सारखं असतं. ते वेगळं आहे."

"मग वाऱ्यानं काय व्हायचं न्हाई?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. एसटी अडवणारी, दुकानदाराच्या टेबलावर पिशवी आपटणारी, खांबावर ओरडणारी माझी आत्ती नुसतं "बरं" म्हणाली. विळा घेऊन बांधावरून उठली आणि घरी गेली. तिनं स्वतःच्या डोळ्यांवर, हातांवर आणि नाकावर विश्वास ठेवला नाही, माझ्या एका शब्दावर ठेवला. घंटा झाली आणि मी वर्गात जाऊन शिकवलं.

दसऱ्याच्या सुट्टीत मी वस्तीवर गेले. दादाचा माल केव्हाच उचलून नेला होता, रान नांगरूनही झालं होतं. आत्तीनं चिंधीची कणसं तोडून अंगणात ठेवली होती. सोलली नव्हती. दरवर्षी ती मी आल्यावरच सोलायची, कारण वेणी घालायला तिला माझी बोटं लागायची. मी हातपाय धुऊन समोर बसले. तिनं पहिल्या कणसाची चिंधी सोडली आणि पानं मागं ओढली.

पांढऱ्या ओळींत मधेमधे पिवळे दाणे.

तिनं दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. सगळी कणसं सोलली. एकही कणीस तसं नव्हतं जसं तिच्या सासूनं ओटीत घातलं होतं. लाल चिंध्यांचा ढीग तिच्या मांडीवर पडला होता. मग तिनं एक कणीस उचलून माझ्या नाकासमोर धरलं.

"मास्तरीणबाई, ह्ये पिवळं काय हाय? इंग्लिशमदी सांग."

मी तिच्या मांडीवरच्या चिंध्या गोळा करायला लागले.

"सांग की! कॉर्न म्हन! आता का गप? म्हनायला तोंड दुखतंय का तुझं?"

सगळी वस्ती ऐकत होती. दादानं त्या दिवशी तालुक्याला काम काढलं होतं, शहाणा! आत्ती उभी राहिली, पुन्हा बसली, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. दादाला, कंपनीला, माझ्या शाळेला, मला इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना, कालव्याच्या पाण्याला, कुणाला म्हणून सोडलं नाही. मी मान खाली घालून बसले होते. मला बरं वाटत होतं, खरं सांगते. ती ओरडतेय म्हणजे अजून आपली आहे, असं वाटत होतं.

दोन दिवस बसून तिनं हातानं एकेक दाणा वेगळा केला, पांढरे एकीकडं आणि पिवळे दुसरीकडं. मला हात लावू दिला नाही. पिवळे दाणे तिनं गिरणीला न पाठवता जात्यावर दळले, अंगणात तीन दगडांची चूल मांडली आणि त्या पिठाची भाकरी केली. ताट माझ्यासमोर सरकवलं आणि समोर उकिडवी बसली.

"आता खा. सगळं खा. एक कन टाकलास तर बघ."

मी चव्वेचाळीस वर्षांची बाई, अंगणात बसून रडत रडत ती भाकरी खाल्ली. ती शेवटच्या घासापर्यंत बघत राहिली. या वेळी तिनं पदरानं माझं तोंड पुसलं नाही.

दादा म्हणाला, "एवढं काय त्यात? चांगल्या बियाची पिशवी आनून देतो की तिला!" माझ्या भावावर मी कधी हात उचलला नव्हता, त्या दिवशी फार थोडक्यात राहिलं. पण उचलणार तरी कोणत्या तोंडानं? शब्द माझाच होता.

पुढच्या पावसाळ्यात आत्तीनं निवडून ठेवलेले पांढरे दाणेच पेरले. त्या वर्षी दादानं शेजारी काही लावलं नाही. दसऱ्याला कणसं सोलली तेव्हा पिवळा दाणा एकही नव्हता. मला हुश्श वाटलं. आत्तीनं कणीस उजेडाकडं धरलं आणि अंगठा फिरवला. गुबगुबीत पांढऱ्या दाण्यांमध्ये काही दाणे आक्रसलेले होते, सुरकुतलेले, वाळल्यावर आत बसलेले. कॉर्नचा गोड दाणा वाळला की असाच आक्रसतो; हे दाणे त्याचेच. आदल्या वर्षी पांढऱ्या रंगाखाली दडून बसले होते, ते आता वर आले होते.

"पिवळं हुतं ते दिसलं, उचलून टाकलं," आत्ती म्हणाली. "पांढऱ्यात लपून बसल्यालं कसं उचलू? आपल्यासारकंच दिसतंय ते." ती माझ्याकडं बघत नव्हती. बघायची गरजही नव्हती.

त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही. बँकेचा मेसेज आला तर वस्तीतल्या कॉलेजच्या पोरीकडं जायची. औषधाची बाटली नर्सकडं न्यायची. मी फोन करून म्हणायचे, "आत्ती, कागद आला असेल तर फोटो पाठव, वाचून सांगते." ती म्हणायची, "नगं. झालंया वाचून." आवाजात राग नसायचा. मी आयुष्यभर तिच्या रागाच्या नकला केल्या होत्या, आणि आता त्यातला मूठभर राग तरी माझ्या वाट्याला यावा म्हणून आसुसले होते. दुसऱ्यांवर ती तशीच ओरडायची, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. माझ्याशी मात्र पाहुण्याशी बोलावं तसं नीट बोलायची.

गेल्या थंडीत ती गेली. मिरजेच्या दवाखान्यात आणायचं ठरलं होतं, पण ती बांधावरून हललीच नाही. तिच्या माघारी खोलीत दोन लुगडी, विळा आणि कापडात बांधलेलं बियाचं गाठोडं सापडलं. तिनं ते मला दिलं नव्हतं. देऊन ठेवलं असतं तर लिहायला किती छान झालं असतं! मी ते न विचारता घेतलं. 

जूनमध्ये मी सुट्टी घेऊन तिच्या तुकड्यात बी पेरलं. त्याच आठवड्यात दादानं पश्चिमेच्या रानात पुन्हा कंपनीच्या बियाची तयारी केली. मी आत्तीचा विळा घेऊन बांधावर जाऊन उभी राहिले आणि जे तोंड सोडलं ते अख्ख्या वस्तीनं ऐकलं. दादा म्हणाला, "तुला येड लागलंय का गं?" मी म्हणाले, "व्हय." त्यानं बी पोत्यात भरून पलीकडच्या रानात नेलं. बघायला जमलेल्यांतली एक म्हातारी म्हणाली, "आत्तीच आली गं बाई परत." तिला काय माहीत! आत्ती असती तर मला त्या बांधावर उभं राहू दिलं असतं का, हे मला ठाऊक नाही.

परवा वर्गात एका मुलीनं उभं राहून विचारलं, "मॅडम, मेझ आणि कॉर्नमध्ये फरक काय?" मी म्हणाले, "काही नाही. एकच." इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले. मुलगी घाबरून खाली बसली. हे एवढंच उत्तर होतं, तीन शब्दांचं. आता ते पन्नास पोरांच्या वह्यांत लिहिलेलं आहे. जिला हवं होतं तिला मी दिलं नाही.

दसऱ्याला मी एकटीच अंगणात बसून चिंधीची कणसं सोलली. सुरकुतलेले दाणे अजून निघतात, थोडे कमी झालेत. ते एकेक करून मी नखानं उपटून काढते. फेकत नाही, कोंबड्यांना घालत नाही. तिथंच बसून चावून खाते, एकही न सांडता. दात दुखतात. गोड लागतात मेले, आणि त्याचाच जास्त राग येतो.